काजूच्या दिवसांतली चौकशी

फाल्गुन सरत आला की आमच्या घरामागच्या उतारावरून एक वास खाली येतो. पिकून गळलेल्या काजूच्या बोंडूंचा. सकाळी तो नुसता गोड असतो. ऊन चढलं की त्यात आंबूसपणा शिरतो, आणि दुपारी वारा पडला की उशा-चादरींनाही तो चिकटल्यासारखा वाटतो. मालवणात जन्म काढलेल्या माणसाला या वासाचं अप्रूप असायचं कारण नाही. मलाही नाही. पण एका वर्षीचा हा वास माझ्यात वेगळा मुरला आहे. त्या वर्षी मी धावत होते, वयाने विशीत होते, आणि माझ्यावर असा संशय होता की मी माझंच रक्त काढून साठवून ठेवलं आणि शर्यतीच्या तोंडावर ते परत अंगात भरून घेतलं.

आज हे कुणालाही सांगितलं तर कळतं. टीव्हीवर, फोनवर अशा बातम्या येत असतात. तो काळ ऐंशीच्या दशकाच्या मधला. परदेशातले काही खेळाडू असं करतात, अशी एखादी बातमी पेपराच्या कोपऱ्यात यायची, पण आमच्याकडे ती वाचतंय कोण! रक्त काढायचं, थंडाव्यात जपायचं. मधल्या दिवसांत शरीर आपली तूट आपण भरून काढतं. मग जपलेलं रक्त परत चढवायचं. रक्त जास्त म्हणजे दम जास्त. आमच्या मालवणात रक्त म्हणजे एक तर विळीवर बोट कापल्यावर येतं ते, नाहीतर नात्याचं. तिसरं काही असतं हे आम्हाला त्या काजूच्या दिवसांत कळलं.

माझे बाबा कचेरीत कारकून होते. घरात मालवणी आणि कचेरीची पायरी चढली की शुद्ध मराठी, असा त्यांचा रिवाज. मला धावायला शिकवलं केळुसकर सरांनी. ते हायस्कुलात खेळाचे शिक्षक. शाळा सुटली तरी सर सुटले नाहीत, कॉलेजात गेल्यावरही सकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर त्यांच्यासमोर धावायची. ओहोटी असली की ओल्या घट्ट वाळूवर, भरती असली की वर कातळावर. सर बोलायला फार कमी. एखाद्या दिवशी “आज बरा धावलंस” म्हणाले की मी घरी जाऊन आयेला दोनदा सांगायची. त्यांची बायको, केळुसकर बाई, गावातल्या दवाखान्यात नर्स होती. पुढे हीच गोष्ट आमच्यावर उलटली. धावणारी मुलगी, तिचा गुरू आणि गुरूची बायको नर्स. संशयाला याहून चांगली पायवाट कुठली मिळणार?

आधी ती सकाळ सांगते.

मार्गशीर्षातले दिवस होते. समुद्र थंड, वाळू थंड, आणि किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारी माणसं कानांना फडकी बांधून होती. माझं धावून झालं होतं. सर त्या दिवशी आलेच नव्हते. मग लांबून दिसले, वाळूत रुतणारी सायकल ढकलत येताना. जवळ आले तेव्हा मला जेवढी धाप लागली होती त्याहून जास्त त्यांना लागली होती.

“मंदा, कॉलेजात तुझो रक्तगट तपासललो. बाय म्हणता, तो जुळता.”

“कोणाक जुळता?”

“देवबागची एक बायल आसा. पाटे बाळांत झाली. रगात थांबना नाय. घरातल्या कोणाचा जुळना नाय आणि बाहेरचा कोण देऊक तयार नाय.” ते थांबले. “तुका नको वाटत असात तर आताच सांग. मी दुसरा कोण गावता काय बगतंय.”

राज्यस्पर्धा महिन्या-सव्वा महिन्यावर आली होती. त्या स्पर्धेसाठी आम्ही दोघांनी वर्षभर वाळू तुडवली होती. मी विचारलं, “सर, शर्यत?”

सर म्हणाले, “शर्यत परत येता गो.”

मी सायकलच्या मागे बसले. पायांना वाळू, अंगात घामाने भिजलेला शर्ट. दवाखान्यात मला एका खाटेवर आडवं केलं. शेजारच्या खाटेवर ती होती. माझ्याच वयाची. ओठ राखेसारखे झालेले. डोळे मात्र उघडे, आणि ते छताकडे नाही तर माझ्याकडे लागलेले. तिचं नाव मी विचारलं नाही, तिने माझं विचारलं नाही. केळुसकर बाईंनी काचेची बाटली खाली ठेवली, माझ्या कोपराच्या वळणात सुई घातली, आणि मी तोंड भिंतीकडे फिरवलं. कुठेतरी पाळण्यात नुकतंच जन्मलेलं बाळ रडत होतं. रडणं चांगलं दणदणीत होतं, म्हणून मला बरं वाटलं. नंतर बाईंनी मला गोड चहा दिला आणि थोडा वेळ पडून राहायला लावलं.

घरी सांगायची जबाबदारी बाईंनी स्वतःवर घेतली. संध्याकाळी त्या आमच्या पडवीत आल्या आणि सगळं सांगितलं. आये भात वेळून पेज गाळत होती. भांडं तसंच हातात.

“माझ्या चेडवाचा रगात काढलात, आणि माका आता सांगतास?”

आयेने भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि आवाज उतरवून विचारलं, “ती बायल जगली मां?”

“जगली.”

“आणि पोर?”

“चेडू झाला. बरा आसा.”

“मगे बस. च्या घेवन जा.”

आणि दुसऱ्या दिवसापासून आयेने माझ्या अंगातली ती एक बाटली परत भरायचा विडा उचलला. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी लाल माठाची भाजी आणि तिसऱ्यांचे शिंपले, रात्री कुळथाची पिठी, मधेच मूठभर खजूर. ‘नको’ म्हटलं की म्हणायची, “तुका नको असात, रगताक होया आसा.” सरांनी मला पंधरवडाभर धावूच दिलं नाही, फक्त चालायला लावलं. नंतर हळूहळू पळवलं. त्या आधीचे काही महिने माझ्या पोटऱ्या सतत ठणकायच्या. त्या विश्रांतीत तो ठणका कुठे गेला ते कळलंही नाही. सर पुढे म्हणाले, “तुझ्या पायांका इसाव होयो होतो. मी देय नव्हतंय. तो देवान देवक लायलो.”

पुण्याला तीन हजार मीटरच्या शर्यतीत मी पहिली आले.

हे वाक्य इतकं छोटं आहे, पण ते लिहितानाही मला हसू येतं. माझ्यापुढे सबंध वेळ कोल्हापूरची वैजयंता होती. उंच, सडसडीत, आदल्या वर्षीची विजेती. तिच्या वेणीकडे बघत मी धावत होते. शेवटच्या फेरीत ती वेणी हळूहळू जवळ आली, मग बाजूला आली, मग दिसेनाशी झाली. समोर कुणी नव्हतं. समोर कुणीच नसणं म्हणजे काय, हे मला तोवर फक्त किनाऱ्यावर माहीत होतं.

माझी मैत्रीण नलू आठशे मीटर धावायची. माझ्या जिंकण्याचा आनंद माझ्यापेक्षा तिलाच जास्त झाला. मुलींच्या तंबूत ती जो भेटेल त्याला सांगत सुटली, “महिन्यापूर्वी हिचं बाटलीभर रक्त काढलं हो दवाखान्यात! सरांच्या बायकोनेच काढलं! तरी बघा कशी पळाली!” तिने कौतुक केलं होतं. पण वैजयंताचे शिक्षक, घोरपडे सर, तंबूच्या दाराशी उभे होते. परदेशी मासिकं वाचणारा माणूस. त्यांनी त्या वाक्यातले अर्धे शब्द ऐकले, आणि उरलेले त्यांच्या वाचनाने पुरवले.

राज्य संघटनेची नोटीस आली तेव्हा पहिले बोंडू पिवळे व्हायला लागले होते. निकाल राखून ठेवलेला. चौकशी पूर्ण होईपर्यंत मला स्पर्धेत उतरायला मनाई, सरांना शिकवायला मनाई. शिस्तपालन समितीसमोर कोल्हापूरला हजर राहायचं. बाबांनी ते सगळं कचेरीच्या आवाजात वाचून दाखवलं आणि चष्मा काढून ठेवला.

आये म्हणाली, “म्हणजे काय ता?”

बाबांनी तिला समजावून सांगितलं. आयेने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आपलाच रगात काढून आपल्याच आंगात घालूचा? मगे काढूचाच कित्याक?”

त्या दिवशी आम्ही हसलो. पुढे बरेच दिवस हसलो नाही.

लहान गावात बातमी चालत नाही, ती अगोदरच पोचलेली असते. कापडाच्या दुकानात मी हात पुढे केला की समोरच्याची नजर कोपराच्या वळणाकडे जायची. सुईची खूण केव्हाच गेली होती, तरी मी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे झगे घालायला लागले. कुणी तोंडावर वाईट बोललं नाही. “काय गो, काय म्हणतत ते?” एवढंच. शाळेत सरांना मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. केळुसकर बाईंना दवाखान्यात कुणी कुणी खोदून विचारू लागलं. नलू आमच्या घरी येऊन रडली आणि आये तिलाच खजूर भरवत बसली. मला वाईट वाटायचं ते या सगळ्यांचं. दुसऱ्याला जीव द्यायला गेलो, तर त्यात आमचे चार जीव अडकले.

किनारा काही कुणाच्या मालकीचा नव्हता. मला तिथे धावायला कुणी अडवलं नसतं. पण पाय उचलेनात. धावताना कुणी पाहिलं तर काय वाटेल, वेगाने धावले तर काय वाटेल, हळू धावले तर काय वाटेल. धावणं ही आयुष्यात पहिल्यांदाच विचार करायची गोष्ट झाली होती. म्हणून मी घरामागे उतारावर बसून बोंडू पिळून बिया वेगळ्या करत राहायची. बोटांना चीक लागायचा, कातडी सोलवटायची, कपड्यांवर डाग पडायचे. काजूच्या रसाचा डाग धुवून जात नाही हे ठाऊक असूनही मी चांगले कपडे घालून बसायची, असं आये अजून सांगते. मला ते आठवत नाही. मला फक्त तो वास आठवतो, आणि डोक्यात दिवसभर फिरणारा एकच प्रश्न: न केलेली गोष्ट केली नाही, हे दाखवायचं कसं?

कारण दाखवायला काहीच नव्हतं. स्वतःचंच रक्त परत घातलं आहे की नाही हे ओळखणारी तपासणी त्या काळी नव्हती. म्हणजे माझा गुन्हा सिद्ध होणार नव्हता, पण निर्दोषपणाही सिद्ध होणार नव्हता. दवाखान्यातली नोंद होती, पण ती केळुसकर बाईंच्या हातची, आणि संशय तर त्यांच्यावरही. तिथले तेव्हाचे डॉक्टर बदलून फार लांब गेले होते, त्यांच्याकडून काही उत्तर येईना. राहता राहिली एकच व्यक्ती. ज्या अंगात माझं रक्त गेलं ती.

आता कधी फोनवर अशी एखादी बातमी येते. कुणा धावपटूवर बंदी, कुणाचं पदक काढून घेतलं. घरातली मुलं चटकन म्हणतात, “चोर आहे.” चोर असेलही. असतातच. त्या घोरपडे सरांनी प्रश्न विचारला, त्या समितीने आम्हाला बोलावलं, याचा मला तेव्हाही राग आला नव्हता आणि आताही नाही. नियम नसता तर उद्या दवाखान्यांच्या शर्यती लागल्या असत्या. पण प्रश्न विचारणं आणि उत्तर आधीच ठरवून टाकणं यांच्यात एक पट्टी असते, ओहोटीच्या वेळी उघडी पडणाऱ्या वाळूएवढी रुंद. त्या पट्टीवर माणसाला काही काळ उभं राहू द्यावं, एवढंच मला वाटतं. मी तिथे उभी राहिले आहे.

तर, आम्ही देवबागला गेलो. बाबा आणि मी. तेव्हा देवबागला आजच्यासारखी पर्यटकांना राहायची घरं, पॅराशूटने आकाशात उडणारे पाहुणे असलं काही नव्हतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे माड, आणि माडांमधून पाय रुतवणारी वाट. तिचं नाव शेवंती, हे मला त्या दिवशी कळलं. नवरा मचव्यावर मासेमारीला गेलेला. सासरा जाळं विणत बसला होता. सासू, जिला सगळे आक्का म्हणायचे, दारातच उभी राहिली.

बाबांनी अदबीने सगळं सांगितलं. बोलता बोलता ते शुद्ध मराठीत शिरले, आणि तिथेच बिनसलं. ‘समिती’, ‘जबानी’, ‘साक्ष’ हे शब्द ऐकताच आक्काचा चेहरा बंद झाला.

“आमका त्या कचेरीत ओढू नकात,” ती म्हणाली. “परक्याचा रगात घेतला ह्या आमी कोणाक सांगूक नाय. उद्या लोक म्हणतले, पोराक दूध खंयच्या रगताचा पाजता. तुमचे उपकार आसत. पण ह्या नको.”

“एक दिवसाचंच काम आहे,” बाबा म्हणाले.

“नको म्हटला मां?”

शेवंती आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, कडेवर मुलगी. तिच्या ओठांना आता रंग आला होता. ती माझ्याकडेच बघत होती, दवाखान्यात बघत होती तशीच. वाटेत बाबा म्हणाले, “जाव दे. तिचाय घर आसा.” खाडीच्या बाजूने वारा होता आणि ते माझ्यापुढे माडांतून भराभर चालत राहिले.

कोल्हापूरला जायच्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर सर, बाई, बाबा आणि मी असे चौघे उभे होतो. सरांनी लग्नाचा असावा असा कोट घातला होता. गाडी लागली. आम्ही चढणार तेवढ्यात मागून थांबवणारी हाक आली, “ओ, रवात! रवात!” आक्का येत होती. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, काखेत पिशवी, आणि छातीशी धरलेलं बाळ. तिच्यामागे शेवंती.

आक्का धापा टाकत पायरीवर चढली आणि कुणी न विचारताच बोलू लागली. “तुमी गेल्यापासून ही जेवली नाय. भरल्या ताटावरून उठता. म्हणता, माका मारून टाकात, पण मी जातलंय. दूध आटला तर पोराचा काय होतला? मगे म्हटलंय, चल. पण एकटीक कशी धाडू? परको मुलुख.” मग कंडक्टरकडे वळून म्हणाली, “तिकीट माजा मी काढतंय. ह्येंच्याकडसून घेव नको.”

घाटात शेवंतीला गाडी लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. ती मान वर करून पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “तुजा नाव मंदा मां? माका म्हायत होता. बायनी सांगितल्यानी. मी रोज दिवो लावतंय तेवा घेतंय.”

समिती एका शाळेच्या वर्गात बसली होती. समोर तिघं. मधे निवृत्त न्यायाधीश, पांढऱ्या भुवयांचे. एका बाजूला संघटनेचे पदाधिकारी. दुसऱ्या बाजूला एक लेडी डॉक्टर, जाड काचांचा चष्मा. घोरपडे सर आणि वैजयंता बाकावर बसले होते. न्यायाधीशांनी सरांना विचारलं, मला विचारलं, बाईंना विचारलं. सभ्यपणे, पण प्रत्येक उत्तराच्या मागे पुन्हा एक प्रश्न लावून. माझा आवाज मलाच खोटा वाटायला लागला.

मग शेवंती उभी राहिली. बाळ आक्काकडे दिलं.

“काय घडलं ते सांगा,” न्यायाधीश म्हणाले. “घाबरू नका.”

“काय सांगू? मी मरत होतंय. ह्या चेडवान रगात दिल्यान. मी जगलंय.”

लेडी डॉक्टर पुढे वाकल्या. “तुम्हाला शुद्ध होती?”

“होती. थंडी वाजा होती. चार चादरी घातल्यानी तरी थंडी. बाजूक ही निजलली. हिच्या पायाक वाळू होती. माका वाटला, मी मेलंय तर माका दर्याकडे नेतले, म्हणान ह्या वाळू घेवन इला काय. मगे बायनी हिच्या खाटेखालची बाटली उचलली आणि माज्या उशाक टांगली. टांगूच्या आदी माज्या हाताक लागली. गरम होती. आमच्या पेजेची वाटी आसता तशी. त्या थंडीत माका येवढाच बरा वाटला.”

“गरम?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“गरम. मी खोटा कित्याक बोलू? हिच्या आंगातसून आताच काढलला ता. माज्या आंगात आसा आता. तुमका होया तर माजा काढून बगात.” आणि तिने पदर मागे सारून हात टेबलावर पसरून ठेवला.

डॉक्टरबाईंनी तो हात अलगद मागे सारला. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाल्या, “साठवलेलं रक्त थंड असतं, साहेब. आणि हे असलं कुणी शिकवून सांगता येत नाही.”

पदाधिकाऱ्यांनी विचारलं, “पण दुसरी बाटली नंतर काढली नसेल कशावरून?”

“या मुलीचं वजन बघा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “एक दिल्यावर पाठोपाठ दुसरी काढली असती तर ती पुण्याला धावली नसती. पुण्याला जायच्या गाडीत चढतानाच मटकन खाली बसली असती.”

तेव्हा घोरपडे सर उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “साहेब, मी बोललो ते ऐकीव बोलण्यावरनं. रक्त काढलं एवढं कानावर आलं. कुणाला दिलं ते मी विचारलंच नाही. विचारायला पायजे होतं.” ते केळुसकर सरांकडे वळले. “मास्तर, माझी तक्रार मी मागं घेतो. मनापासनं.”

न्यायाधीश म्हणाले, “तक्रार मागे घेतली म्हणून नाही, आमची खात्री पटली म्हणून सांगतो.” आणि त्यांनी तिथेच सांगितलं: आरोप निराधार, बंदी उठली, पुण्याचा निकाल कायम.

मी रडेन असं वाटलं होतं. रडले नाही. माझे खांदे खाली आले. इतके दिवस ते कानांपर्यंत वर ओढलेले होते हे मला ते खाली आल्यावर कळलं. सर खुर्चीत तसेच बसून राहिले, कोटाचं वरचं बटण काढत. ते निघेना, तेव्हा बाईंनी उठून काढून दिलं.

बाहेर व्हरांड्यात वैजयंता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. जवळून ती माझ्याहून वीतभर उंच होती. मला वाटलं, ही काहीतरी तोडून बोलणार.

“लई बरं झालं बग,” ती म्हणाली.

मी गोंधळले. “तुला? तुझं पहिलं बक्षीस गेलं की.”

“गेलं तर गेलं. पण पुण्याहून आल्यापासनं मला झोप न्हाई. समदे म्हणायचे, तू हरलीच न्हाईस. मग मी का पळत हुते? मी जिवाच्या आकांतानं पळले हुते, आणि तू मला गाठलंस. त्ये खरं हाय का खोटं, मलाच कळंना. आता कळलं. तू मला खरंच हरवलंस.” तिने माझा हात धरून हलवला. “आता फुडच्या वर्षी मी तुला हरवनार.”

तिने हरवलं. पुढच्या वर्षी तिच्याच मागे मी दुसरी आले, आणि तिची वेणी शेवटपर्यंत समोरच राहिली. पण त्या शर्यतीत माझ्या मनावर कसलंही ओझं नव्हतं, आणि मला वाटतं, तिच्याही नव्हतं.

परतीच्या गाडीत आक्का खिडकीशी बसून ऐटीत सगळ्यांना सांगत होती, “आमच्या सुनेन जज्जाक गप केल्यान.” परकं रक्त लपवायला बघणारी हीच आक्का आता कणकवलीच्या स्टँडवर अनोळखी बायकांनासुद्धा ते रक्त दाखवून देत होती: “ही बगा, हिचा रगात आमच्या शेवंतीच्या आंगात.” बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. बाबा मधेच गुणगुणायला लागले. बाबांना गाता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. सूर कुठलाच लागत नव्हता, पण कुणी त्यांना थांबवलं नाही.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आये अंगणात बसून सुकवलेल्या बिया सुपात गोळा करत होती. तिने वर बघितलं, आधी माझ्याकडे, मग बाबांकडे.

“काय झाला?”

बाबा अंगणातच उभे राहिले आणि कचेरीच्या आवाजात म्हणाले, “आपली मुलगी दोषमुक्त झाली आहे.”

“म्हणजे?”

तेव्हा बाबा मालवणीत आले. “म्हणजे, हिना काय एक वायट करूंक नाय.”

आयेने सूप खाली ठेवलं.

“ता माका ठावक होता,” ती म्हणाली. “तेवढ्यासाठी कोल्हापुराक कित्याक जावक होया होता?”